काकांची राजदूत चालू करू का? मित्र म्हणतात तिच्यात दम नाही

गोठ्यामागे काकांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, राजदूत १७५, उभी आहे, बारा वर्षं बंद. काका तिच्यावर रोज डेअरीला दूध न्यायचे, दोन्ही बाजूला कॅन आणि मध्ये काका. आता मला शेतावर ये-जा करायला ती चालू करायचीय पण मित्र म्हणतात कशाला नादी लागतोस, नुसता धूर, प्लग शॉर्ट होतो, साठच्या पुढे थरथरते. खरंच एवढी वाईट होती का? ज्यांनी वापरलीय त्यांनी सांगा.

गॅरेजवाला_कराड:
थरथरते हे खरं आहे भावा, पण ती पळवायला बनवलीच नव्हती. मूळ डिझाइन पोलंडच्या एसएचएल एम ११ या मोटरसायकलचं, इकडे फरिदाबादला एस्कॉर्ट्स कंपनीनी बनवली, १७३ सीसी आणि फक्त तीन गिअर. १९८५ ला यामाहाची आरएक्स १०० आली आणि पोरं राजदूतला म्हातारी म्हणायला लागली, पण आरएक्सची ताकद वरच्या आरपीएमला, राजदूत कमी रेसमध्येच ओढायची आणि दुधवाल्याला तेच पाहिजे असतं ना, भरलेले कॅन, चिखल आणि पहाटेचा चढ. इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत की कॅम नाही, माझे वडील हेड-ब्लॉक उतरवून रिंगा बदलून संध्याकाळच्या आत गाडी परत द्यायचे. एक लक्षात ठेव, पुढचा ब्रेक दाबलास की पुढून गाडी वर उचलते, तो फोर्कच तसा आहे, घाबरू नकोस.

चिपळूणकर:
दम होता मान्य, पण अॅव्हरेज आणि धुराचं काय? टू-स्ट्रोकमध्ये थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून जातं, त्याला कितीही ट्युनिंग करा इलाज नाही. आमच्याकडे बजाजची एम ८० होती, बाबा तिच्यावर मासळीची टोपली लावून वरच्या गावांना जायचे, हातातले गिअर, ७४ सीसी, आणि ती बाई कुठे अडली नाही. फक्त एकदा कुंभार्ली घाट उतरताना मी थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरमध्येच खाली आलो आणि पिस्टन जाम. ऑइल पेट्रोलमधूनच जातं त्यामुळे थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलपण बंद, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. उतारावर मधून मधून थोडी रेस देत जा, हे खरंच मनापासून सांगतोय.

गॅरेजवाला_कराड:
बरोबर. आणि धुराचं अर्ध नाव लोकांनीच खराब केलं, पेट्रोलमध्ये अंदाजाने ऑइल ओतायचे, जास्त झालं की प्लग काळा आणि सायलेन्सर कार्बनने बंद, मग गाडी ओढत नाही म्हणून ओरडायचे. आम्ही राजदूतला लिटरला ४० मिली मापून घालायचो.
आता तुझं काम. लगेच किक मारू नकोस. प्लग काढ, आत चमचाभर ऑइल सोड, रात्रभर राहू दे, मग हाताने हळू किक दाबून बघ. टाकी आणि कार्बोरेटर धू, ठिणगीचे पॉइंट साफ कर. क्रँकचे ऑइल सील मात्र नवेच टाक, एवढ्या वर्षांत रबर कडक झालेलं असणार, तिथून हवा ओढली तर मिश्रणात पेट्रोल-ऑइल कमी पडून पिस्टन जाम होतो.

चिपळूणकर:
आरसीची मुदतपण बघ रे, १५ वर्षांनंतर नूतनीकरण लागतं.

प्रश्नकर्ता:
आरसी काकूंच्या ट्रंकेत सापडली. प्लग काढून ऑइल सोडलंय, किक अर्ध्यापर्यंत जातेय. जोर लावला नाही, उद्या सकाळी परत बघतो.