शनिवारचा ‘बाझोडी’: गाणी दणदणीत, संवाद गायब

मंडळी,
शनिवारी दाखवायच्या ‘बाझोडी’ या त्रिनिदादच्या सिनेमाची काल हॉलवर ट्रायल घेतली. त्यातला गायक मॅशेल मॉन्टॅनो याचं गाणं लागलं की खुर्च्या थरथरतात, आणि कबीर बेदी बोलायला लागले की नुसते ओठ हलताना दिसतात. आवाज वाढवला तर पुढच्या गाण्याला कानठळ्या. केबल बदलली, लॅपटॉप बदलला, तरी तेच. गणपतीत हीच सिस्टिम नीट चालली होती. शनिवारी १२० जणांची नोंदणी आहे. कुणाला कारण ठाऊक आहे का?
अनघा

---

अनघाताई,
स्पीकर आणि केबल ठीक आहेत. सिनेमाचा आवाज ५.१ (पाच चॅनल आणि एक बासचा वेगळा) असला की संवाद जवळजवळ सगळे मधल्या चॅनलवर असतात. आपण एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणाऱ्या डब्यातून मिक्सरला फक्त डावा आणि उजवा देतो. डब्याची बारीक कळ ५.१ वर असली की मधला चॅनल तिथेच अडकतो. गाणी डाव्या-उजव्यात असतात म्हणून ती येतात. गणपतीत माइक आणि साधी स्टिरिओ गाणी होती, त्यामुळे तेव्हा कळलं नाही.

कळ २ चॅनलवर करा. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘बिटस्ट्रीम’ काढून ‘पीसीएम, स्टिरिओ’ ठेवा. ‘नाइट मोड’ असेल तर चालू करा, म्हणजे गाणं आणि बोलणं यांतली दरी कमी होते. मग मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खाली ४ डेसिबल कमी करा.
नंदू

---

नंदू, बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य नाही. मिक्सर माझ्याकडे आहे आणि खालचा आवाज मी कापणार नाही. सोका, म्हणजे त्रिनिदादचं नाचाचं संगीत, उभा आहे तोच बास आणि किक ड्रमवर. पॉवर सोका, म्हणजे त्यातला वेगवान प्रकार, मिनिटाला १६० ठोक्यांच्या आसपास धावतो. त्याचा पाया काढला तर वर फक्त शिट्ट्या आणि ब्रास उरतात, आणि नाचायला कुणी उठणार नाही.
शशी

---

शशीकाका, स्टिरिओत उतरवताना ‘.१’चा वेगळा बास बहुतेक वेळा गाळलाच जातो. गाण्यांचा बास डाव्या-उजव्यातही असतो, तो तुमच्या सबवूफरला मिळेल. आधी कळ फिरवून ऐका, मग इक्यू, म्हणजे खालचा-वरचा आवाज किती ठेवायचा ते, ठरवा. मात्र रिकाम्या हॉलमधल्या घुमण्यावरून ठरवू नका, माणसं बसली की फरक पडतो.
नंदू

---

आवाजाचं होईल. डबल्सचं, म्हणजे दोन बाऱ्यांमध्ये (तळलेल्या मऊ पुऱ्यांमध्ये) भरलेल्या चण्यांचं, काय? कुणीतरी यादीत ‘भटुरे’ लिहिलंय, ते आधी खोडा. बाऱ्यात दही नसतं.

माणशी दोन डबल्स म्हणजे २४० डबल्स, ४८० बारे. १ किलो मैद्यात साधारण ४५ होतात, म्हणून ११ किलो मैदा. किलोला ६५० ते ७०० मिली पाणी, २ चमचे यीस्ट, २ चमचे हळद, १ चमचा जिरेपूड, ३ चमचे मीठ. कणीक हाताला चिकटेल इतकी सैल हवी. इथेच सगळे घाबरतात आणि वरून मैदा घालत राहतात. मग तळल्यावर कडक पुरी होते, ती दुमडली की मोडते. दीड तास फुगू द्या, गोळे करून आणखी १५ मिनिटं ठेवा. लाटणं नको, तेलाच्या हातानेच थापा. एका बाजूला १०–१५ सेकंद पुरे, आणि काढल्याबरोबर पंच्यात एकावर एक झाकून ठेवा, वाफेनेच ते मऊ होतात.

काबुली चणे ५ किलो कोरडे. इतके शिजवा की पळीने सहज ठेचले जातील, रस्सा दाट हवा. पातळ झाला तर कागदातून गळतो.
मीनाक्षी

---

काकू, शॅडो बेनीऐवजी कोथिंबीर चालेल का?
तन्वी

---

तन्वी, नाइलाज असेल तरच, आणि मग दुप्पट घाल. शॅडो बेनीची पानं लांब, कडेला दातेरी असतात आणि वास कोथिंबिरीपेक्षा उग्र. टोरांटोत स्कारबरोच्या वेस्ट इंडियन दुकानांत जुड्या मिळतात. कुचेला, म्हणजे कैरीच्या किसाचं लोणचं, मी करते. कैरीचा कीस पिळून पाणी पूर्ण काढायचं, नाहीतर मोहरीच्या तेलात घातला तरी दोन दिवसांत आंबतो.
मीनाक्षी

---

निमंत्रणात दोन चुका आहेत, छापण्याआधी सुधारा.

‘कॅरिबियनमधले आपले मराठी बांधव’ हे चूक आहे. भारतीय मजुरांचं पहिलं जहाज ‘फातेल रझाक’ ३० मे १८४५ ला त्रिनिदादला लागलं ते कलकत्त्याहून. त्यानंतर करारावर गेलेले बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, भोजपुरी आणि अवधी बोलणारे. त्यांचं श्रेय त्यांनाच द्यायला हवं.

दुसरं, ‘चटणी-सोका’ खाण्याच्या यादीत टाकलाय. ते संगीत आहे. लग्नघरातली भोजपुरी गाणी ढोलक, हार्मोनियम आणि धनतालावर नाचाला आली, त्यांना तिथे चटणी म्हणतात. धनताल म्हणजे लांब लोखंडी सळई आणि ठोकायला नालेच्या आकाराचा तुकडा. लॉर्ड शॉर्टी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिप्सो या त्रिनिदादच्या गाण्याच्या प्रकारात ढोलक आणि धनताल घेतले, त्यातून सोका आला. १९८७ मध्ये द्रुपती रामगुनाई यांनी गाण्यातच ‘चटणी सोका’ हा शब्द आणला. सिनेमातली भारतीय वंशाची मुलगी आणि सोका गायक यांची जोडी या इतिहासातूनच येते. ‘बाझोडी’ म्हणजे प्रेमात भान हरपलेला, तेही खाली एका ओळीत द्या.
वसंत

---

वसंतकाका, दोन्ही सुधारून पाठवलं.

आज पुन्हा हॉलवर गेले होते. कळ २ चॅनलवर केली आणि कबीर बेदींचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट आला. शशीकाकांनी बासला हात लावला नाही, गरजही पडली नाही. कळीवर चिकटपट्टी लावली आहे, कुणी काढू नका. मैदा ११ किलो मी आणते. शुक्रवारी रात्री बारे थापायला अजून चार जण हवेत.
अनघा