मदत हवी आहे : ऑफिसात मराठी बोलू नका म्हणाले. असं सांगता येतं का?

खिडकीपाशी (धागाकर्ता)
तातडीचं आहे म्हणून थोडक्यात. मी आणि माझा एक सहकारी, दोघेही मराठी. काल टीम लीडने बाजूला घेऊन सांगितलं, की आपसात मराठीत बोलू नका, बाकीच्यांना कळत नाही. आम्ही आरडाओरडा करत नाही, कामं वेळेत देतो. दोन माणसं आपल्या भाषेत बोलली तर कोणाचं काय जातं? हे कायद्यात बसतं का? उद्या ११ ला त्याच्याशी टर्मिन आहे, त्याआधी मुद्दे हवेत. "जाऊ दे, सोडून दे" छापाचे प्रतिसाद नकोत.

दडपे_पोहे
कुठे? पुणे, बंगळूर, दुबई, डलास? देश न सांगता कायदा विचारताय राव.

सह्यकडा
निषेध! मराठी माणसानेच का गप्प बसायचं? आपणच नमतं घेतो म्हणून ही वेळ येते. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये दोन मराठी माणसं भेटली तरी हिंदीत बोलतात. उद्या मीटिंगमध्ये मराठीतच उत्तर द्या.

दडपे_पोहे
आणि टीम लीडला कळणार कसं?

न्यूजर्सीचे_काका
मी इथे २६ वर्षं आहे, म्हणून ठामपणे सांगतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली नोकरीत राष्ट्रीय मूळ बघून भेदभाव करता येत नाही, आणि माणसाची भाषा त्याच्याशी जोडलेली धरतात. 'सदासर्वकाळ फक्त इंग्रजी' असा नियम लावला की ईईओसी (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणारी सरकारी संस्था) तो संशयानेच बघते. जेवणाच्या सुट्टीत तर नाहीच. ठरावीक कामापुरता, धंद्याची खरी गरज दाखवून लावता येतो, पण तोही आधी सगळ्यांना कळवून. कंपनीत १५ किंवा जास्त माणसं हवीत. तुमच्याकडे किती?

ईझारकाठ
काका, तो मीटिंगला 'टर्मिन' म्हणतोय, हा जर्मन शब्द. जर्मनी असणार, नाहीतर ऑस्ट्रिया, नाहीतर स्वित्झर्लंड. तुमची ईईओसी अटलांटिकच्या पलीकडे राहिली.

खिडकीपाशी
हो, जर्मनी. श्टुटगार्टजवळ. प्रोफाइलमध्ये लिहिलंय, मला वाटलं बघाल. आणि गंमत म्हणजे इथले लोक दिवसभर आपसात श्वेबिश, म्हणजे इथली बोली, बोलतात. माझं जर्मन बी१, म्हणजे मधल्या पातळीचं आहे, तरी त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. त्यांना कोणी काही बोलत नाही.

बी१_पास
बी१ आहे ना, मग उत्तम! ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा परवाना) असेल तर २१ महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा अर्ज टाका. नुसत्या ए१ वर, म्हणजे सुरुवातीच्या पातळीवर, २७ लागतात. प्रमाणपत्राची मूळ प्रत जपून ठेवा. माझी वहिनी पुण्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकली, पाया पक्का होतो.

खिडकीपाशी
धन्यवाद, पण मी हे विचारलंच नव्हतं.

ईझारकाठ
मुद्द्यावर येतो. तोंडी सांगितलं की मेलवर? दोघांनाच की सगळ्या टीमला? कंपनीत बेट्रिब्सराट आहे का? असेल तर आधी तिकडे जा. कामाच्या जागी कसं वागायचं याचे सरसकट नियम लावायचे तर इथे कामगारांच्या त्या मंडळाची संमती लागते, एकट्या टीम लीडला लावता येत नाहीत. २००६ चा समान वागणुकीचा कायदाही आहे. पण दुसरी बाजूही ऐका. २०१० मध्ये इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने, कामाच्या लेखी सूचना वाचण्यापुरतं जर्मन मागणं हा भेदभाव नाही, असा निकाल दिलाय. म्हणजे 'कामासाठी लागते' असं दाखवलं की मालकाची बाजू जड होते. तुम्ही नक्की कधी बोलता, जेवताना की काम करताना?

न्यूजर्सीचे_काका
म्हणजे मी सांगितलं तेच. देश बदलला, तत्त्व तेच.

ईझारकाठ
काका, तत्त्वावर नोकरी टिकत नाही. उद्या तो ईईओसी म्हणाला तर समोरचा चहा पाजून घरी पाठवेल.

खिडकीपाशी
तोंडीच. दोघांनाच. बेट्रिब्सराट आहे. बोलतो मुख्यतः कॅन्टीनमध्ये. कधीमधी लॅबमध्येही, बेंचवर.

धावपट्टी_२७
भाषेवरून आठवलं. २५ मे २०००, पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ. एक प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत होतं, त्याच वेळी एक छोटं मालवाहू विमान मधूनच धावपट्टीवर आलं. छोट्या विमानाचा सहवैमानिक गेला. नियंत्रकाचा अंदाज चुकला होता, पण तपासात आणखी एक गोष्ट निघाली. फ्रेंच विमानाला तो फ्रेंचमध्ये परवानगी देत होता आणि छोट्या विमानातल्या ब्रिटिश वैमानिकांशी इंग्रजीत बोलत होता. त्यामुळे दुसरं विमान सुटलंय हे त्यांना ऐकूनही कळलं नाही.

दडपे_पोहे
विषय काय, विमान काय. तुम्ही प्रत्येक धाग्यावर एक अपघात आणता.

अर्थिंग_करा
नाही, थांबा. विमान विषयातच आहे. खिडकीपाशी, बेंच कसला?

खिडकीपाशी
गाडीचे बॅटरी पॅक टेस्ट करायचा. ८०० व्होल्ट.

अर्थिंग_करा
आणि हे तुम्ही आत्ता सांगताय! गाड्यांमध्ये ६० व्होल्ट डीसीच्या पुढे हाय व्होल्टेज धरतात, तुम्ही ८०० वर आहात. तिथे भिंतीवर पाच नियमांचा तक्ता लावलेला असेल : पुरवठा तोडा, तो परत जोडला जाणार नाही हे बघा, व्होल्टेज नाही हे मोजा, अर्थिंग आणि शॉर्ट करा, शेजारचे वीज चालू असलेले भाग झाका. बरोबर? आता एकाने दुसऱ्याला "थांब रे, अजून चालूच आहे" असं मराठीत सांगितलं आणि तिसऱ्याचा हात आत आहे. त्याने काय समजायचं? मी चाकणला टेस्टिंगमध्ये ११ वर्षं काढली आहेत. बिहारचा पोरगा शेजारी असला की आम्ही बेंचवर हिंदीच बोलायचो. त्यात कोणाची अस्मिता बुडाली नाही.

सह्यकडा
चाकणला हिंदी बोलायचात हे अभिमानाने सांगताय?

अर्थिंग_करा
पोरगा धडधाकट घरी गेला, ते अभिमानाने सांगतोय.

मोगरा_७४
मला वेगळंच विचारायचंय. टीम लीडला स्वतःला त्रास होता की कोणी जाऊन सांगितलं? टीममध्ये कोण कोण आहे?

खिडकीपाशी
त्याने काय फरक पडतो? बरं. बेंचवर आम्ही चौघं. आम्ही दोघं, एक जर्मन, आणि एक मुलगी कोइंबतूरची. तिनेच सांगितलं असणार. जर्मन माणूस कानात हेडफोन घालून असतो.

दडपे_पोहे
म्हणजे तक्रार भारतीयाचीच? ५० किलोमीटर चालवून आता सांगताय की गाडी रिव्हर्समध्ये होती.

पिंपळपार
तिने हिंदी शिकावी ना. एवढी वर्षं भारतात राहून हिंदी येत नाही?

मोगरा_७४
ते मराठीत बोलतात हो, हिंदीत नाही. आणि तिने का शिकावी? 'हिंदी का शिकायची' यावर इथेच ४०० प्रतिसाद झाले होते, त्यातले निम्मे तुमचे.

पिंपळपार
तो संदर्भ वेगळा होता.

ओसाकाची_पाहुणी
मी तीन वर्षं ओसाकाला एका ऑफिसात होते. माणसं अतिशय सभ्य. पण सगळं जपानीत, आणि त्या अखंड धारेत मध्येच माझं आडनाव, पुढे 'सान', आपल्या 'जी'सारखं. मागचं-पुढचं काही कळायचं नाही, आडनाव तेवढं लख्ख ऐकू यायचं. पाठोपाठ कोणी हसलं की मी संडासात जाऊन आरशात बघून यायचे, चेहऱ्याला काही लागलंय का म्हणून. नंतर थोडी जपानी आली तेव्हा कळलं, की बहुतेक वेळा 'तिला चहा विचारलात का' एवढंच असायचं. खिडकीपाशी, तिचं नाव तुमच्या बोलण्यात कधी आलं होतं का?

खिडकीपाशी
आलं असेल. मागच्या आठवड्यात बेंचवर आम्ही तिच्या डब्याबद्दल बोलत होतो. लिंबूभाताचा वास आला, मित्र म्हणाला आईची आठवण झाली. त्यावर हसलो. वाईट काहीच नव्हतं.

ओसाकाची_पाहुणी
हे तिला सांगितलंत?

खिडकीपाशी
नाही. ती लगेच उठून गेली.

सह्यकडा
आता लिंबूभातावरसुद्धा माफी मागायची?

मोगरा_७४
माफी कोण मागतंय? इंग्रजीत सांगायचं, "तुझ्या डब्याने आई आठवली." झालं. पुढच्या वेळी ती डबा पुढे करेल.

न्यूजर्सीचे_काका
तरीही माझं म्हणणं कायम. कॅन्टीनमधल्या भाषेवर बंदी घालता येत नाही. ते लेखी मागा.

ईझारकाठ
याच्याशी मी सहमत. बेंच आणि कॅन्टीन वेगळं करा, एवढाच मुद्दा घेऊन जा.

खिडकीपाशी
अपडेट. १५ मिनिटांत संपलं. मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, बेंचवर इंग्रजी किंवा जर्मन, सगळ्यांसाठी, श्वेबिशही नाही. लेखी काढतोय, बेट्रिब्सराटला दाखवून. कॅन्टीनबद्दल त्याला काही म्हणायचंच नव्हतं. मी तक्रार कोणी केली ते विचारलं. हेडफोनवाल्याने. तो हेडफोन काढून बेंचपाशी यायचा तेव्हा आम्ही काय बोलतोय ते त्याला कळत नव्हतं म्हणे.

दडपे_पोहे
आणि लिंबूभात?

खिडकीपाशी
आज ती सुट्टीवर आहे. सोमवारी बोलतो.

बी१_पास
छान झालं. कोणाला मॅक्स म्युलर भवनाच्या बी२ ची सध्याची फी माहीत आहे का? धाकट्या भावासाठी हवी होती.