किचनवाला ॲडव्हान्स घेऊन दर वाढवतोय. कागद नाही, तरी करार झाला का?

ऐरोलीकर: किचनचं 1 लाख 85 हजारांचं कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं. मी लिहिलं, 'ओके, पण ट्रॉल्या सॉफ्ट-क्लोजच हव्यात.' त्याने उत्तर दिलं नाही, संध्याकाळी जीपेवर 60 हजार तेवढे घेतले. ओटा फोडून ठेवलाय आणि आता म्हणतो प्लाय महागलं, 25 हजार वाढवून द्या. सही-शिक्का काही नाही. काय करू?

कोपरीवाला: स्टँप पेपर नाही ना? मग विसरा.

रबाळे_परचेस: कोपरीवाले, उगाच घाबरवू नका. सगळी नोकरी परचेसमध्ये काढलीय, फोनवर ठरलेल्या मालाचेही पैसे वसूल केलेत. 1872 च्या करार कायद्याचं कलम 10 बघा: दोघांची राजीखुशी, सज्ञान माणसं, मोबदला आणि बेकायदा नसलेलं काम. दुसरा कुठला कायदा मागत नसेल तर लेखीही लागत नाही. (भाड्याच्या घराला मात्र लेखी आणि नोंदणी दोन्ही.)

ताई, खरी मेख तुमच्या सॉफ्ट-क्लोजमध्ये आहे. कलम 7 प्रमाणे होकार बिनशर्त लागतो. तुम्ही अट घातलीत, म्हणजे त्याचं कोटेशन तिथेच बाजूला पडलं आणि तुमचा नवा प्रस्ताव उभा राहिला. त्यावर तो नुसता गप्प बसला असता तर करार झालाच नसता. पण गडी पैसे घेऊन बसला! कलम 8 नुसार मोबदला घेणं हाही होकारच. म्हणजे सॉफ्ट-क्लोजसकट 1 लाख 85 हजार.

कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'दर बाजारभावानुसार बदलतील' असं काही आहे का? असेल तर त्याची बाजू जड.

ऐरोलीकर: नाही. फक्त 'जीएसटी वेगळा'.

रबाळे_परचेस: मग जीएसटी द्या, 25 हजार नाही. ठरलेली रक्कम बदलायला दोघांची संमती लागते. 'अमुक तारखेपर्यंत ठरल्या पैशांत काम पूर्ण करा' असा मेसेज टाका. नाहीच म्हणाला तर दुसरा माणूस बघा. ॲडव्हान्स परत मागा आणि जास्तीचा खर्च कलम 73 खाली, म्हणजे करार मोडल्याची भरपाई म्हणून. मात्र ओटा सहा महिने तसाच ठेवून त्याचं नुकसान मागू नका, टिकणार नाही. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. चॅट उडवू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मोबाइलही जपून ठेवा.

कोपरीवाला: मग लोक 500 चा स्टँप घेतात कशाला?

रबाळे_परचेस: पुढे भांडण झालं तर सिद्ध करायला सोपं जातं म्हणून.