अनुभव धागा: अनोळखी माणसाच्या घरी एकटीनं कामाला जाताना तुम्ही काय काळजी घेता?

निशिगंध_७
काल चुलत सासूबाईंकडे सत्यनारायण होता. जिना चढून वर आले आणि दाराबाहेर चपलांचा ढीग बघून पोटात धस्स झालं. आत सगळे घरचेच, तरी पाय पुढे पडेना.

लग्नाआधी मी मुंबईत एस्कॉर्टचं काम करायचे, गिऱ्हाइकाच्या घरी जायचं. नवऱ्याला सगळं ठाऊक आहे, म्हणून इथे लिहायला भीती नाही. फोनवर 'एकटाच आहे' म्हणणाऱ्याच्या दारात तीन जोड बूट दिसले की बेल न दाबता खाली उतरायचं, हे मला या कामातल्या एका मोठ्या ताईनं शिकवलं. ती म्हणायची, जे काय कळायचं ते दाराच्या बाहेर कळतं, आत गेल्यावर आपल्या हातात फार थोडं उरतं. म्हणून पत्ता आदल्या दिवशीच घ्यायचा, मेसेजवर नाही तर प्रत्यक्ष बोलून आवाज ऐकायचा, मागे इतर पुरुषांचे आवाज येतात का तेही ऐकायचं. आत शिरताना दाराला कडी आहे की लॅच, ते उघडतं कसं, हे बघून ठेवायचं. पैसे आधी. पर्स नजरेसमोर. पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं. आणि पोचल्यावर ताईला त्याच्या समोरच फोन करायचा, 'पोचले गं' म्हणून. बाहेर कुणीतरी वाट बघतंय हे त्याला कळलं की निम्मा माज तिथेच उतरतो.

इथे घरोघरी जाऊन काम करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. कुठलंही काम असो, लिहा.

पार्लरवाली_मीनल
चपला!!! मला वाटायचं मीच एकटी मोजते. मी घरी जाऊन फेशियल-वॅक्सिंग करते. बुकिंग बाईच्या नावानं आणि दार उघडलं पुरुषानं, 'ती येतेय पाच मिनिटांत, बस आत.' मी म्हटलं खाली थांबते, त्या आल्या की हाक मारा. कुणीच आलं नाही. तेव्हापासून बाईचा आवाज ऐकल्याशिवाय लिफ्टमध्येसुद्धा शिरत नाही.

अबोली
मी अजून निशिगंधसारखंच एस्कॉर्टचं काम करते. मोठ्या सोसायट्यांत गेटवर फोटो काढतात, फ्लॅटवाल्याला विचारून सोडतात. पूर्वी फार राग यायचा, वॉचमनच्या नजरा तर विचारूच नका. पण आता वाटतं, मी कुठल्या फ्लॅटला कधी गेले याची नोंद राहतेय हे बरंच आहे. 'मागच्या गेटनं ये, नाव सांगू नको' म्हणणाऱ्याकडे मी जात नाही. कितीही पैसे देऊ दे.

सुनंदा_का
मी ब्युरोतर्फे आजारी माणसं सांभाळायला जाते. आजोबा बिचारे चांगले, मुलगा वाईट. ब्युरोत सांगितलं तर म्हणे 'ॲडजस्ट करा.' घाईत लिहितेय, कुकर लागलाय, नंतर येते.

वाटसरू
सगळं वाचून वाईट वाटलं. पण निशिगंध, अबोली, असलं काम करायचंच कशाला?

अबोली
दादा, घरभाडं आणि आईचं डायलिसिस. धागा सुरक्षिततेवर आहे, त्यावर काही असेल तर लिहा.

निशिगंध_७
अबोली 🙏

कृष्णाकाठ
सांगलीहून. मी इथल्या गोकुळनगरच्या वेश्यावस्तीत राहिलेय. तिथे एकीनं आवाज दिला की दहा बाया धावतात, गिऱ्हाईक दारू पिऊन हात उगारायला धजत नाही. संग्राम ही संस्था आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांनी १९९० च्या दशकात आमची एकी बांधली, पोलीस चौकीत गटानं जायला शिकवलं. बंद फ्लॅटमध्ये एकट्या जाणाऱ्या पोरींची मला जास्त काळजी वाटते. तुम्हीही तुमच्या तिघी-चौघी धरून ठेवा. वाईट गिऱ्हाइकाचा नंबर लगेच एकमेकींत फिरवा.

ॲड_पुणेकर
इथे कायदा नेमका आडवा येतो. पीटा, म्हणजे १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. सज्ञान बाईनं स्वखुशीनं हे काम करणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा नाही. पण कलम ४ प्रमाणे तिच्या कमाईवर जगणारा गुन्हेगार, आणि नेहमी सोबत असणाऱ्यावरही तसा संशय धरता येतो. त्यामुळे खाली गाडीत थांबणारा भाऊ किंवा मैत्रीण स्वतःच घाबरते. ज्यांच्यामुळे जीव वाचेल त्यांनाच कायदा लांब ढकलतो, हे मला अत्यंत चुकीचं वाटतं. शाळा, देऊळ, इस्पितळापासून २०० मीटरच्या आतली जागा असेल तर मात्र कलम ७ खाली तिथे हे काम गुन्हा ठरतं, पत्ता घेताना बघा.

चांगली बाजू: १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की पोलिसांनी सन्मानानं वागावं, अत्याचार झाला तर ताबडतोब वैद्यकीय मदत मिळावी, आणि जवळ कंडोम सापडले हा पुरावा धरू नये. चोरून व्हिडिओ काढला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. काढायला होकार दिला होता पण पसरवायला नाही, तरीही गुन्हाच. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

पार्लरवाली_मीनल
वकीलसाहेब, हे फोनमध्ये सेव्ह केलं.

चिमणी८९
११२ साठी पॉवरचं बटण पटापट दाबायचं असतं ना? माझ्या फोनमध्ये टॉर्च लागते 😅

अबोली
सेटिंगमध्ये आपत्कालीन मदत शोध, तिथे चालू कर. लाइव्ह लोकेशन आठ तासांवर ठेव, एक तासावर नको, काम लांबतं. आणि बॅटरी!! जुना फोन असेल तर पॉवर बँक घे.

चिमणी८९
कुठली घेऊ? माझी फुगलीय.

सुनंदा_का
फुगलेली वापरू नको गं बाई, स्फोट होतो. आमच्या शेजारी झालाय. हो, मी परत आले. त्या आजोबांकडचं काम सोडलं, आता दुसरीकडे आहे, तिथे सूनबाई घरी असतात.

समुपदेशक_ताई
सरकारी इस्पितळात एचआयव्ही समुपदेशन करते, म्हणून एवढंच. जबरदस्ती झाली किंवा कंडोम फाटला तर ७२ तासांच्या आत एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात या, जितकं लवकर तितकं चांगलं. लागण टाळायला २८ दिवसांच्या गोळ्या असतात. लाज वाटून चौथ्या दिवशी येणाऱ्या मुली बघते तेव्हा जीव तुटतो. बलात्कार झाला असेल तर खासगी इस्पितळालाही मोफत उपचार द्यावेच लागतात. काही विचारायचं असेल तर १०९७ फुकट लागतो.

निशिगंध_७
ताई, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

ऑकलंडकर
इथे न्यूझीलंडमध्ये २००३ पासून हे काम गुन्ह्यातून बाहेर काढलंय, बाया उघडपणे पोलिसांत जातात. पण तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना ही मुभा नाही, त्या मात्र गप्प बसतात. आपल्या मुलींनी हे लक्षात ठेवावं.

चिमणी८९
खुणेचा शब्द कुणी ठेवलाय का?

अबोली
'मावशीचा डबा राहिला' म्हटलं की मैत्रीण लगेच परत फोन करते आणि मी निघते. नुसतं 'डबा दिला' म्हटलं की सगळं ठीक. दोन्ही वाक्यं रोजच्यासारखीच वाटली पाहिजेत.

नवीन_सभासद२
मी नागपूरला आहे, एकटीच करते, कुणी मैत्रीण नाही. फोन करायला कुणाला सांगू? माझा नंबर ९८

निशिगंध_७
थांब! उघड नंबर टाकू नकोस, आधी काढून टाक. मला व्यनि, म्हणजे खासगी मेसेज कर. रात्री अकरापर्यंत मी जागी असते, जायच्या आधी पत्ता पाठवायचा आणि परतल्यावर मेसेज करायचा.

नवीन_सभासद२
केला.