मदत हवी आहे: फ्रेंच प्रतीकवादी कवितांच्या वाचनासाठी तिसरी कविता

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात फ्रेंच प्रतीकवादी कवितांवर बोलायचं आहे. वेळ पाऊण तास. प्रेम, नैराश्य आणि विस्मय यांसाठी प्रत्येकी एकच कविता घ्यायची, असं ठरवलंय.

प्रेमासाठी व्हर्लेनची 'ग्रीन' (१८७४ च्या संग्रहातली) नक्की. नैराश्यासाठी बोदलेअरच्या चार 'स्प्लीन' कवितांपैकी शेवटची, आभाळ झाकणासारखं दडपून बसतं ती. बोदलेअर १८६७ मध्ये वारला आणि प्रतीकवादी चळवळीचा जाहीरनामा (कवी मोरेआसचा) त्यानंतरचा, १८८६ चा, हे माहीत आहे. पण त्याच जाहीरनाम्यात बोदलेअरला चळवळीचा खरा पूर्वसूरी म्हटलंय, म्हणून तो राहणार.

अडलंय विस्मयापाशी. रँबोची 'मद्यधुंद नौका' घेऊन पाहिली. कविता अफाट आहे, पण शंभर ओळी ऐकवता ऐकवता वेळ संपतो, आणि शेवटाकडे ती नौकाच थकून जाते, म्हणजे पुन्हा नैराश्यच! बोदलेअरची 'प्रवास' त्याहून लांब. मालार्मे मला आवडतो, पण एकदाच कानावर पडून तो पोचेल असं वाटत नाही. उतारे घ्यायचे नाहीत, कविता पूर्णच वाचायची आहे. श्रोत्यांना फ्रेंच येत नाही, मलाही जेमतेम. वाचन मराठीतच होईल.

आता रँबोच्याच दोन उरल्यात: स्वरांना रंग देणारं सुनीत आणि 'इल्युमिनेशन्स'मधली पहाटेचा पाठलाग करणारी गद्यकविता. सुनीताची मजा फ्रेंच स्वरांवाचून उरते का, ही शंका आहे. कुणी या दोन्ही मराठीत मोठ्याने वाचून पाहिल्या असतील, तर पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसमोर कोणती टिकते?