नाताळच्या आठवड्यात डिस्ने वर्ल्ड, बरोबर साबा-साबु (सासूबाई-सासरे) आणि दोन मुलं: मदत हवी आहे

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

२६ डिसेंबर ते १ जानेवारी आम्ही ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्डसाठी जातोय. "त्या आठवड्यात अजिबात जाऊ नका" हा सल्ला घरातल्या-दारातल्या सगळ्यांनी देऊन झालाय, तेव्हा तो वगळून बोला. लेकीच्या शाळेला तेव्हाच सुट्टी, नवऱ्याचं ऑफिस तेव्हाच बंद, आणि सासू-सासरे जानेवारीत भारतात परत चाललेत. विमानाची तिकिटं काढून झाली. हॉटेल आणि पार्कची तिकिटं बाकी आहेत.

माणसं सहा. लेक सात वर्षांची, उंची तीन फूट दहा इंच, आणि जितकी भीतीदायक राईड तितकी तिला हवी. धाकटा अडीच वर्षांचा, दुपारी दोनला झोपला नाही तर संध्याकाळी सगळ्यांना शिक्षा. साबा सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, पण गुडघ्यामुळे एका जागी उभं राहणं जमत नाही. साबु ठणठणीत आहेत, पण "तुम्ही जाऊन या, मी इथे बसतो" या पंथाचे. बाकावर बसायला एवढं महाग तिकीट कशाला, असं नवऱ्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. त्यांना इतक्या लांब नेऊन हॉटेलात ठेवायचं, हे कसं दिसतं?

मुख्य अडचण राहायची. डिस्नेच्या आतल्या हॉटेलात सहा जणांना साध्या खोल्या दोन घ्याव्या लागतात. त्याच पैशात बाहेर किसिमीच्या बाजूला स्वयंपाकघरासकट अख्खं घर मिळतंय, आणि साबांना रात्री गरम वरण-भात लागतो. दुसरं, हे लायटनिंग लेन (जादा पैसे भरून छोट्या रांगेने राईडला जायचं) प्रकरण माझ्या डोक्यावरून जातंय. सहाही जणांचं घ्यायचं का? तिसरं, चारही पार्क (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज, अ‍ॅनिमल किंगडम) करायचेच का? जे जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

केवड्याचं_पान

घर की हॉटेल यावर आमच्याकडेही महाभारत झालं होतं. एरवी मी डोळे मिटून घर सांगितलं असतं. नाताळच्या आठवड्यात मात्र नाही, कारण त्या गर्दीत तुम्हाला हॉटेल नको असतं, हॉटेलबरोबर येणारी वेळ हवी असते. आतल्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज चारही पार्कांत अर्धा तास आधी सोडतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सकाळच्या त्या अर्ध्या तासात आणि पुढच्या तासाभरात ज्या दोन-तीन राईड होतात, त्यांतल्या एकेकीसाठी दुपारी दीड-दोन तास उभं राहावं लागतं.

शिवाय लायटनिंग लेनचं बुकिंग आतल्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी उघडतं, तेही अख्ख्या मुक्कामाचं एकदम. बाहेरच्यांना त्या त्या दिवसाच्या तीन दिवस आधी. म्हणजे तुमची पाळी येईपर्यंत चांगल्या वेळा आधीच उचललेल्या असतात.

दोन खोल्यांऐवजी आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या आतल्या हॉटेलातले फॅमिली स्वीट बघा. सहा जण मावतात, दोन बाथरूम असतात, छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह मिळतो. शेगडी नाही. पण मायक्रोवेव्हमध्ये मुगाची खिचडी झकास होते, आणि वरणासाठी छोटा राइस कुकर न्यायचा झाला तर चालतो का ते हॉटेललाच आधी विचारून घ्या.

सोमवारचा_शत्रू

बाहेरच्या घराची आणखी एक गंमत कोणी सांगत नाही. गाडीने गेलात तर मॅजिक किंगडमच्या दाराशी पार्किंग नाहीच. गाडी ट्रान्सपोर्टेशन अँड तिकिट सेंटरला लावायची, मग तिथून मोनोरेल नाहीतर फेरीबोट. गर्दीच्या दिवशी यातच तास मोडतो, आणि रात्री परतताना तोच द्राविडी प्राणायाम, झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन. आतल्या हॉटेलची बस थेट पार्कच्या दाराजवळ सोडते. साबांच्या गुडघ्याचा विचार केला तर माझं मत बसच्या बाजूने.

पार्किंगचे पैसेही बाहेरच्यांना रोज पडतात, आतल्या हॉटेलवाल्यांना पार्कात साधं पार्किंग फुकट. हिशोब करताना हे धरा, मग घर वाटतं तितकं स्वस्त राहत नाही.

पानगळ

मी थोडी उलट बाजू मांडते. आमच्याबरोबर आई-बाबा होते आणि आम्ही घर घेतलं होतं. दुपारी ती दोघं घरी, आईने मस्त पिठलं केलेलं, अंगणात खुर्च्या. त्यांची सहल तीच होती. सगळ्यांनी दिवसभर एकत्रच असलं पाहिजे हा हट्ट सोडला तर घर वाईट नाही. फक्त तुमच्याकडे गाडी एकच असेल तर दोघांना घरी सोडायला कोण जाणार, हे आधी ठरवा. त्यावरून आमची भर पार्किंगमध्ये जुंपली होती.

केवड्याचं_पान

पानगळ, मुद्दा बरोबर आहे, पण तुम्ही नाताळात गेला होता का? त्या आठवड्यात दुपारी बाहेर पडून पुन्हा आत येणं म्हणजे अर्धा दिवस गेला.

पानगळ

नाही, सप्टेंबरात. मागे घेते. :)

रानमोगरा

लायटनिंग लेनचं सोपं करून सांगते. मल्टी पास म्हणजे एका पार्कातल्या तीन राईड आधी निवडायच्या, त्यातली एक वापरली की पुढची एक घ्यायची. सिंगल पास म्हणजे ज्या राईडवर सगळ्यांच्या उड्या पडतात त्यांचं वेगळं तिकीट. अ‍ॅनिमल किंगडममधली फ्लाइट ऑफ पॅसेज, हॉलीवूड स्टुडिओजमधली राइज ऑफ द रेझिस्टन्स वगैरे. दोन्हींच्या किमती तारखेप्रमाणे बदलतात, आणि तुमच्या तारखा वर्षातल्या सगळ्यात महाग तारखांत आहेत.

पण सहा जणांचं घ्यायची काहीच गरज नाही. धाकटा तीनच्या आतला, त्याला पार्कचंही तिकीट लागत नाही आणि लायटनिंग लेनचंही. साबा-साबुंना ज्यात मजा येईल त्यातल्या बऱ्याच ठिकाणी रांग सहसा आटोक्यात असते. उरले तुम्ही दोघं आणि लेक. तिघांचंच घ्या.

आणि रायडर स्विच विसरू नका, तो फुकट आहे. राईडच्या दाराशी जायचं, धाकट्याला दाखवून "हा उंचीत बसत नाही" म्हणायचं. तिथली बाई तुमची तिकिटं नाहीतर मनगटावरचे बँड यंत्राला लावून घेते. आधी बाबा आणि लेक जातात, तुम्ही धाकट्याबरोबर थांबता. ते बाहेर आले की तुम्ही लायटनिंग लेनच्या रांगेने आत, आणि लेक पुन्हा तुमच्याबरोबर येऊ शकते. म्हणजे लेकीला तीच राईड दोनदा. आमच्या घरी या एका नियमामुळे धाकट्या भावाचा भाव वधारला होता.

उंचीचं: स्पेस माउंटन, एव्हरेस्ट, फ्लाइट ऑफ पॅसेज या तिन्हींना तीन फूट आठ इंच लागतात, म्हणजे ती बसेल. ट्रॉनला चार फूट. तिथे ती बसणार नाही, आणि तिथले लोक खरंच मोजपट्टीला उभं करून बघतात. आत्ताच घरी सांगून ठेवा, दाराशी रडारड नको.

दुपारचा_चहा

साबुंबद्दल लिहितो, कारण मीही त्याच पंथाचा. त्यांना एपकॉटला न्याच. तिथे लिव्हिंग विथ द लँड नावाची संथ होडी आहे. आधी थोडे देखावे, आणि मग होडी चक्क काचेच्या हरितगृहात शिरते. मातीशिवाय वाढवलेली लेट्यूस, वर मांडवावरून लोंबणारी फळं, मुळं हवेत सोडलेली रोपं. सगळं खरं, हात लांबवला तर लागेल इतकं जवळ (लांबवू नये). नाताळात त्या हरितगृहात दिव्यांची रोषणाईही असते. ज्यांनी आयुष्यात कुंडीत कोथिंबीर जरी लावली असेल ते दुसऱ्यांदा जायचं म्हणतात.

एपकॉटमध्येच तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत. सुट्टीच्या दिवसांत प्रत्येक देशाच्या सणाच्या गोष्टी सांगणारे कलाकार असतात, आणि ३० डिसेंबरपर्यंत संध्याकाळी कँडललाइट प्रोसेशनल: मोठं गायकवृंद, वाद्यवृंद आणि नाताळची कथा वाचणारी एखादी प्रसिद्ध व्यक्ती. बसून बघायचा कार्यक्रम आहे. जागेसाठी आधी रांग असते, ती टाळायची तर जेवणाबरोबर राखीव जागा मिळणारं पॅकेज घ्या.

मॅजिक किंगडममध्ये कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी वॉल्ट डिस्नेच्या लोकांनी केलेला खेळ, वीस मिनिटं थंडगार बसायला मिळतं, आणि शेवटचा प्रवेश नाताळचाच आहे. शिवाय पार्काभोवती फिरणारी वाफेच्या इंजिनाची आगगाडी. पीपलमूव्हर ही संथ फिरणारी गाडी सगळे सुचवतील, पण तिथे सरकत्या पट्ट्यावरून चढावं लागतं, साबांच्या गुडघ्याला जपून.

बाकावर बसायला तिकीट कशाला, हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांना सांगा की आम्ही बाकावर बसून काय काय बघतो ते तुम्हाला धावताना दिसत नाही.

धागाकर्ती

चहावाले काका (काका म्हटलं तर चालेल ना?), साबुंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. हरितगृहावर गाडी अडलीये, पाण्यात खत कसं घालतात ते विचारतायत.

केवड्याचं_पान, फॅमिली स्वीट बघितला, महाग आहे पण दोन खोल्यांपेक्षा बरा. राइस कुकरचं विचारून घेते. आता व्हीलचेअरचं सांगा. साबांसमोर विषय काढला की त्या "मी काय म्हातारी झाले का" म्हणतात. नेली तर रांगा तरी चुकतात का?

सोमवारचा_शत्रू

रांगा चुकत नाहीत, तो गैरसमज आहे. बहुतेक रांगांमधून खुर्ची तशीच पुढे जाते. पण तुमची अडचणच मुळी उभं राहण्याची आहे, आणि खुर्चीवर बसून रांगेत थांबणं वेगळं.

पार्कात भाड्याने मिळतात, पण जो आधी येईल त्याला, राखून ठेवता येत नाहीत. त्या आठवड्यात भरवसा ठेवू नका. बाहेरून भाड्याने हॉटेलवर मागवा, म्हणजे बसपासून दारापर्यंतही सोय. आमच्या मातोश्रींनीही ठाम नकार दिला होता. आम्ही वाद घातला नाही. सकाळी खुर्चीवर जॅकेटं, पाण्याच्या बाटल्या, डबे ठेवले आणि ढकलत निघालो. अकराच्या सुमारास त्याच म्हणाल्या, ते सामान उचला जरा.

मॅजिक किंगडमच्या परेडसाठी व्हीलचेअरवाल्यांना वेगळी जागा असते, पण बरोबर थोडीच माणसं घेतात आणि ती लवकर भरते. नाहीतर फ्रंटियरलँडच्या बाजूला उभे राहा, परेड तिथून सुरू होते आणि मेन स्ट्रीट या दाराजवळच्या रस्त्यापेक्षा गर्दी कमी असते. मेन स्ट्रीटवर फटाक्यांसाठी लोक दोन-दोन तास आधी फुटपाथच्या कडेला ठिय्या देतात. आणि संपल्यावर सगळे एकदम दाराकडे वळतात, मागून स्ट्रोलरचं चाक टाचेवर आपटतं, मुलं रडतात. साबा आणि धाकटा यांना घेऊन त्यात सापडू नका.

केवड्याचं_पान

+१. आणि ३१ तारखेला मॅजिक किंगडम अजिबात नको. नववर्षाचे फटाके तिथे ३० तारखेलाही उडवतात, पाहिजेच असतील तर एकट्या नवऱ्याला आणि लेकीला ३० ला पाठवा.

नाताळची स्वतंत्र तिकिटाची पार्टी तुमच्या तारखांच्या आधीच संपलेली असते. पण काळजी नको, त्या पार्टीतली परेड शेवटच्या आठवड्यात साध्या तिकिटावर दाखवतात.

चार पार्क करायचे का? माझ्या मते तीन. हॉलीवूड स्टुडिओज वगळा. तिथल्या मोठ्या राईड तुमच्यापैकी तिघांच्याच कामाच्या, आणि रांगा भयंकर. २७ ला अ‍ॅनिमल किंगडम, उघडल्या उघडल्या थेट सफारी. ट्रक चांगलाच हादरतो, पाठ दुखत असेल तर तेवढं बघा, पण जिराफ रस्त्यात आडवा आला की अडीच वर्षांचं पोरही गप्प होतं. २८ ला मॅजिक किंगडम, २९ ला काहीच नाही, पोहणं आणि झोप. ३० ला एपकॉट. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनहून स्कायलायनर म्हणजे रोपवे, मध्ये कॅरिबियन बीच हॉटेलच्या थांब्यावर बदलायचा. तो एपकॉटच्या मागच्या दाराशी सोडतो.

रानमोगरा

२९ ला मोकळा दिवस ठेवताय तर सना नावाच्या हॉटेलात जेवून या. अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी भागात आहे, आफ्रिकन-भारतीय जेवण, नान आणि त्याबरोबर चटण्यांची रांग, आणि खिडकीबाहेर झेब्रे. टेबलाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमच्यासाठी जवळजवळ आत्ताच. सकाळी लवकर उठून बसा.

पार्कात घरचं खायला नेता येतं. काचेची बाटली आणि दारू नको, बाकी ठेपले, लाडू, चिवडा बिनधास्त. खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट देतात. डिसेंबर असला तरी दुपारी टीशर्ट आणि सकाळ-संध्याकाळ स्वेटर, कधी कधी चांगलंच गार पडतं.

धागाकर्ती

स्वीट बुक केला! पार्कची तिकिटं: आम्ही दोघं, लेक आणि साबांची तीन दिवसांची. साबुंची नवरा एपकॉट आणि सफारी अशी दोनच दिवसांची काढू म्हणाला, तर साबु म्हणाले आगगाडीचं काय. म्हणजे त्यांचीही तीन दिवसांची. सना ची वेळ मिळाली, दुपारी साडेबाराची.

एक शेवटचं. धाकट्यासाठी घरी चार चाकांची ओढायची कापडी गाडी आहे, त्यात तो झोपतोही छान. ती नेऊ का?

सोमवारचा_शत्रू

नको, ओढायच्या गाड्या आत सोडत नाहीत. साधी स्ट्रोलर न्या, रुंदी ३१ इंच आणि लांबी ५२ इंचांच्या आत. आणि दांड्याला एखादी भडक ओढणी बांधा. राईडला जाताना स्ट्रोलर बाहेर लावावी लागते, कर्मचारी त्या रांगेत नीट सरकवून ठेवतात, आणि परत आल्यावर शंभर काळ्या स्ट्रोलरमधून आपली शोधायची असते.