हिरडीलगतचं कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिन फिलिंग) अख्खं निघतंय, ३००० रुपयांत काय बदलू?

राजारामपुरी_दंत: ब्रशने झिजलेल्या खाचा, क्लास फाइव्ह (हिरडीलगतच्या). फिलिंग तुटत नाही, अख्खं सुटतं. बाँड (फिलिंग चिकटवणारा द्रव) एसीटोनवाला. ३७ टक्के एचंट (दात खरखरीत करणारं आम्ल), एनॅमल (बाहेरचं कवच) आणि डेंटिन (आतला थर) दोन्हींवर ३० सेकंद. बजेट ३००० रुपये, वर एक रुपया नाही. युनिव्हर्सल बाँड घेऊ का?

शाहूपुरीकर: डॉक्टर, आधी क्युअरिंग लाइट (फिलिंग घट्ट करणारा दिवा) बदला. कमजोर लाइट वापरूच नये. आमचा नवा १२,०००ला पडला, पण एक नंबर!

मिरजकर_मॅडम: त्यांचं बजेट तरी वाचा. दोष ३० सेकंदांत आहे. डेंटिनला १५च्या वर आम्ल नको. आम्ल खोल जातं, रेझिन तिथवर पोचत नाही. खाली उघडं राहिलेलं कोलॅजन (डेंटिनमधले तंतू) पुढे सडतं. एनॅमलवर आधी लावा, शेवटची १५ सेकंद डेंटिनवर.

दातकरी: एसीटोनवाल्याला डेंटिन ओलसर लागतं. हवेने कोरडं ठाक केलं की कोलॅजनचं जाळं कोसळतं. कापसाच्या बोळ्याने टिपा, चमक राहू द्या. बाँडचा थेंब आयत्या वेळी काढा, झाकण लगेच लावा.

शाहूपुरीकर: ओलसर म्हणजे किती? इथेच सगळे भांडतात. म्हणून युनिव्हर्सल बरा. त्यातला एमडीपी हा घटक दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करतो. फक्त एनॅमलला आम्ल, मग बाँड २० सेकंद घासा, बाँड हलायचा थांबेपर्यंत हवा मारा, मग लाइट.

मिरजकर_मॅडम: नुसता लावून चालत नाही, घासायलाच हवा. आणि जुन्या खाचेतलं डेंटिन काचेसारखं घट्ट, नळ्या बुजलेल्या. बरने (ड्रिलच्या टोकाने) हलकं खरवडा, एनॅमलच्या कडेला बेव्हल (तिरका उतार) द्या.

कळंबा_क्लिनिक: बाँडवर बोलताय, हवा कोण बघतंय? थ्री-वे सिरिंजची (हवा-पाणी मारायच्या नळीची) हवा आरशावर मारा. पाण्याचे किंवा तेलाचे ठिपके उठले तर कुठलाही बाँड टिकणार नाही. पावसाळ्यात कंप्रेसरची टाकी रोज रिकामी करा. हिरडीचं रक्त थांबवायला ॲल्युमिनियम क्लोराइड लावलं तर धुऊन काढा.

दातकरी: डेंटिन ओलसर ठेवा, एवढंच सांगतो. आणि रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावा राव.

शाहूपुरीकर: खाच हिरडीखाली गेली की डॅमचा क्लॅम्प घसरतो. हिरडीच्या फटीत दोरा घाला.

मिरजकर_मॅडम: एच केल्यावर २ टक्के क्लोरहेक्सिडीन ३० सेकंद लावून टिपा, धुऊ नका. कोलॅजन खाणारी एन्झाइम दबतात. याला खर्च नगण्य.

राजारामपुरी_दंत: सगळ्यांचे आभार. ठरवलंय: खालची कड सिमेंटमवर (मुळावरच्या थरावर) असलेल्या खाचांना रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमर (दाताला स्वतःच चिकटणारं फिलिंग). १० टक्के पॉलिॲक्रिलिक ॲसिड २० सेकंद, धुवायचं, भरायचं. बजेटात बसतं. सगळ्या कडा एनॅमलवर असतील तिथे हाच बाँड, डेंटिनवर १५ सेकंद.

शाहूपुरीकर: समोरच्या दातांना आयोनोमर? रंग आणि चकाकी जाते हो! लाइटच घ्या.

मिरजकर_मॅडम: हिरडीलगत कोण बघतंय? कड ओली राहणार असेल तर तेच बरोबर. फक्त आयोनोमर भरण्याआधी डेंटिन सुकवू नका.